मामांचा पायजमा लांब का झाला?

गेल्या दिवाळीत मामींनी मामांच्या सगळ्या पायजम्यांची खालची पट्टी अर्धा इंच वर मुडपून शिवली. त्याच्या आदल्या वर्षीही एकदा मुडपली होती. "लोकांची कापडं धुतल्यावर आटतात, ह्यांची वाढतात," असे त्या म्हणाल्या आणि आम्ही सगळे हसलो. पायजमा लांब होत नाही, आतला माणूस आखूड होतो आहे, हे घरातल्या पाच-सहा शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. त्यात मीही होते. दर आठवड्याला याच पानावर मी तुम्हाला आरोग्याच्या चार गोष्टी सांगत असते!

फेब्रुवारीत मामा पडले. जिन्यावरून नाही, स्कूटरवरून नाही. सकाळी चहासाठी स्वयंपाकघराकडे निघाले, पायजम्याची कड टाचेखाली आली आणि गुळगुळीत फरशीवर ते कुशीवर पडले. उजव्या खुब्याचे हाड मोडले. वय ६७.

मामांचे बिऱ्हाड आता बंगळूरला, सर्जापूर रोडवर मामेभावाच्या फ्लॅटमध्ये आहे. मूळ गाव सांगली जिल्ह्यातले, विट्याजवळचे. त्या भागाची माहिती असणाऱ्यांना पुढचे सांगायला नको. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या कमी पावसाच्या तालुक्यांतली माणसे सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली. दक्षिणेत कुठेही सराफकट्टा दिसला की आसपास एखादे मराठी गलाईचे दुकान सापडतेच. मामाही १९७६ साली, अठराव्या वर्षी, चुलत्याचे बोट धरून बंगळूरला आले आणि नगरथपेठेतल्या एका बोळातल्या खोलीत मुशीपुढे बसले. उठले ते २०१६ साली, मुलाने आग्रहाने घरी बसवले तेव्हा.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. पण नंतर डॉक्टर जे म्हणाले, त्याने आम्ही सारे चक्रावलो. उभ्या उंचीवरून, घरातल्या घरात पडल्याने धडधाकट पुरुषाचा खुबा मोडायला नको होता. पाठीचा एक्स-रे काढला तर कण्याचे दोन मणके चेपलेले! ते केव्हा चेपले हे मामांना माहीतही नव्हते. थोडी पाठ दुखायची, ते बाम चोळायचे. हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी झाली. तिचा टी-स्कोअर उणे अडीचच्या खाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे अस्थिविरळता म्हणतात. मामांचा उणे २.९ आला.

"हाडं ठिसूळ व्हायला मी काय बाईमाणूस हाय?" मामा खाटेवरूनच गुरगुरले.

हा प्रश्न एकट्या मामांचा नाही. हाडे, कॅल्शियम, गुडघे हा विषय निघाला की आपल्याकडे पुरुषमंडळी वर्तमानपत्रात डोके खुपसतात. आम्ही मासिकवाल्यांनीही कमी घोळ घातलेला नाही. हाडांवरच्या प्रत्येक लेखाला साडीतल्या आजींचे चित्र, आणि चाळिशीनंतरच्या स्त्रियांनी दूध प्यावे, असा मथळा. स्त्रियांना हा धोका जास्त असतो हे खरेच आहे. पाळी थांबली की त्यांच्या हाडांची झीज एकदम वाढते. पुरुषांची झीज हळूहळू, गाजावाजा न करता होते. पण होते. पन्नाशीनंतर जगातल्या दर पाच पुरुषांपैकी एकाचे कधी ना कधी अशा ठिसूळपणामुळे हाड मोडते, असे आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस प्रतिष्ठान सांगते. आणि खुबा मोडल्यानंतरच्या वर्षभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांपेक्षा पुरुषांत जास्त असते. मामींना मी हे वाक्य सांगितलेले नाही.

वॉर्डात एक तरुण डॉक्टर होता. फाईल चाळता चाळता त्याने सहज विचारले, "अंकल, काम काय करायचात?" चार दिवसांत हा प्रश्न विचारणारा तो पहिलाच. मामांनी सांगितले. डॉक्टरने पेन थांबवले आणि खुर्ची ओढून तो बसला. "चांदी कशी गाळायचात, सांगा जरा."

रस्त्याच्या त्या टोकाला

कोरमंगलकडून सर्जापूर रोडला लागले की सुरुवातीलाच सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचा मोठा परिसर लागतो. तिथून आगरा तळे, मग इब्बलूरचा चौक, पुढे कायकोंड्रहळ्ळीचे तळे, दोड्डकन्नेळ्ळी आणि मग एकेकाळी नाचणीची शेते होती तिथे काचेच्या कचेऱ्या आणि वीस-वीस मजली घरे. संध्याकाळी हा रस्ता पार करायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माणूस सांगलीहून कोल्हापूरला पोचतो. रिक्षात बसल्याबसल्या विचार करायला मात्र भरपूर सवड मिळते.

या सेंट जॉन्सचे नाव मी आधी वाचले होते, पण हाडांच्या संदर्भात नाही. १९९० च्या दशकात डॉ. अब्राहम जॉर्ज यांच्या जॉर्ज फाउंडेशनने शिशाविरुद्ध एक मोहीम उघडली. तेव्हा आपल्या पेट्रोलमध्ये शिसे असायचे. इंजिन ठोके देऊ नये म्हणून ते मिसळत, आणि गाडीच्या धुराबरोबर ते बारीक कणांच्या रूपाने हवेत, रस्त्याच्या धुळीत, खिडकीच्या गजांवर जाऊन बसत असे. फाउंडेशनने मुंबई, दिल्ली, बंगळूरसह सात शहरांत वीस हजारांहून अधिक लोकांचे रक्त तपासले. सेंट जॉन्समधले जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. थुप्पिल वेंकटेश या कामातले महत्त्वाचे शास्त्रज्ञ. बारा वर्षांखालच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक, ५१ टक्के मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे निघाले. त्या काळी ही धोक्याची रेषा मानत. आता अमेरिकेत ती साडेतीनवर आणली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की शिशाची निर्धोक अशी पातळीच नाही.

फेब्रुवारी १९९९ मध्ये बंगळूरला यावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सेंट जॉन्समध्ये शिशाच्या विषबाधेसाठी राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभे राहिले. आणि २००० साली देशभरातल्या पेट्रोलमधून शिसे गेले. मुंबईत २००२ च्या सुमारास मुलांचे रक्त पुन्हा तपासले, तेव्हा दहाच्या वर असणाऱ्या मुलांचे प्रमाण एक तृतीयांशावर आले होते. कमी झाले, संपले नाही.

मी त्या वेळी दादरला शाळेत जात होते, बसथांब्यावर रोज अर्धा तास धूर खात. त्या ५१ टक्क्यांत मी असेन की नाही, कोण जाणे. पण त्या पाहण्यांमध्ये सगळ्यांचे लक्ष मुलांकडे होते, आणि ते योग्यच होते. शिशाने मुलांची बुद्धी खुंटते, ते नुकसान भरून येत नाही. त्याच वेळी त्याच धुरात उभ्या असलेल्या विशी-तिशीतल्या पुरुषांचे काय? रिक्षावाले, वाहतूक पोलीस, पेट्रोल पंपावरची पोरे, रंगारी, बॅटरीवाले, नगरथपेठेतले मामा? ते आज साठीच्या आसपास आहेत. त्यांनी तेव्हा घेतलेले शिसे गेले कुठे?

ते गेलेले नाही. हाडांत आहे.

हरिपूरचे पेव

सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे होती. जमिनीत खोल खणलेली कोठारे. हळद आत ओतायची, तोंड लिंपून टाकायचे, वर्षानुवर्षे ती तशीच राहायची. वरून चालणाऱ्याला कळायचेही नाही की पायाखाली एवढा माल आहे. आपले हाड शिशाच्या बाबतीत असेच पेव आहे.

शरीराला शिसे आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही. दोन्ही एकाच वाटेने आत येतात. रक्तातले शिसे साधारण महिनाभरात निम्मे होते. काही लघवीवाटे जाते आणि बरेचसे हाडात कॅल्शियमच्या जागी जाऊन बसते. मोठ्या माणसाच्या अंगातले नव्वद टक्क्यांहून जास्त शिसे हाडांत असते, आणि टणक हाडातून ते निम्मे व्हायला दहा ते तीस वर्षे लागतात. म्हणजे १९८५ साली श्वासातून घेतलेल्या शिशाचा काही भाग आजही नडगीत असू शकतो.

तिथे ते गप्प बसून असते, असेही नाही. हाड ही काही सिमेंटची वस्तू नव्हे. जुने हाड पोखरणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करत असतात. रचणाऱ्या पेशींच्या कामात शिसे अडथळा आणते. मूत्रपिंडात ड जीवनसत्त्वाला त्याचे कामाचे रूप मिळते, तिथेही ते लुडबुड करते. मग आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते. आणि वय झाले, हाड झिजू लागले की पेव उकरल्यासारखे होते. साठवलेले शिसे पुन्हा रक्तात उतरते. बोस्टनमध्ये १९६३ पासून दोन हजारांहून अधिक माजी सैनिकांचा एक दीर्घ अभ्यास चालला. १९९० च्या दशकात त्यांच्या नडगीतले आणि गुडघ्याच्या वाटीतले शिसे खास क्ष-किरण यंत्राने मोजले. ज्यांच्या हाडात शिसे जास्त, त्यांना रक्तदाबाची शक्यता जास्त असे दिसले. हे सगळे पुरुष होते, आणि बहुतेकांचा शिशाशी संबंध आला होता तो तुमच्या-आमच्यासारखाच, शहरात राहून.

यातली अडचण मामांच्या अहवालात लगेच दिसली. तरुण डॉक्टरच्या सांगण्यावरून त्यांच्या रक्तातले शिसे तपासले. आकडा फारसा वाईट आला नाही. मामेभाऊ म्हणाला, चला, सुटलो! पण रक्ताची चाचणी गेल्या महिना-दोन महिन्यांत काय झाले ते सांगते. मामांनी भट्टी सोडून नऊ वर्षे झाली. पेवात काय आहे ते वरच्या मातीवरून कळत नाही. हाडातले शिसे मोजणारी ती यंत्रे संशोधनासाठी असतात, आपल्या गावच्या लॅबमध्ये नसतात.

(हळदीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. २०१९ मध्ये बांगलादेशात संशोधकांना आढळले की हळद पिवळीधमक दिसावी म्हणून व्यापारी तिला लेड क्रोमेट चोपडत होते. हा रंगाच्या कारखान्यातला पिवळा रंग, शिशाचा. सरकारने छापे घातले, दंड केले आणि दोन वर्षांत बाजारातली ती भेसळ जवळजवळ नाहीशी झाली. फार भडक पिवळी सुटी हळद दिसली तर मी आता उचलत नाही. हळकुंडे आणून दळून घेतलेली बरी.)

केडीएमचे सोने

मामांनी त्या डॉक्टरला जे सांगितले, ते आम्ही घरच्यांनीही त्या दिवशी पहिल्यांदाच नीट ऐकले. चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या रीतीत ती शिशाबरोबर वितळवतात. तांब्यासारखे हिणकस धातू शिशाबरोबर जळून वेगळे होतात, चांदी मागे उरते. शिशाचा तो पिवळसर धूर खोलीत कोंडतो. "धूर जावा म्हणून खिडकी उघडली तर चांदीचा कण उडून जाईल, ही भीती," मामा म्हणाले. म्हणून खिडकी बंद. त्याच खोलीत जेवण, त्याच खोलीत झोप. दिवसाला दोन बंडल विड्या.

आणि सांधकाम करणारे कारागीर शेजारीच. वाचक भगिनींनो, ‘केडीएमचे सोने’ हा शब्द आपण सगळ्यांनी सराफाच्या दुकानात ऐकला आहे, मोठ्या विश्वासाने ऐकला आहे. त्यातले केडीएम म्हणजे कॅडमियम. दागिन्याचे तुकडे जोडताना तांब्याच्या मिश्रणाचा सांधा दिला की सोन्याचा कस घसरायचा. कॅडमियम मिसळलेला सांधा कमी उष्णतेवर वितळतो, त्यातले बरेचसे कॅडमियम उडून जाते आणि कस टिकतो. गिऱ्हाईक खूश. पण जे उडून जाते, ते फुंकणी तोंडात धरून बसलेल्या कारागिराच्या छातीत जाते. म्हणूनच आता हॉलमार्कच्या दागिन्यात कॅडमियमचा सांधा चालत नाही. आपल्या जुन्या पाटल्यांमुळे आपल्याला काही होत नाही, ते घाबरण्याचे कारण नाही. ज्याने त्या घडवल्या, त्याला झाले असेल.

कॅडमियम हाडांचे काय करते, हे जगाला जपानमध्ये कळले. तोयामा प्रांतातल्या जिंझू नदीत वरच्या कामिओका खाणीचे सांडपाणी येत असे. त्याच पाण्यावर भात पिकायचा. त्या खोऱ्यातल्या बायकांची, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या प्रौढ स्त्रियांची हाडे इतकी मऊ झाली की खोकल्याने बरगडी मोडायची. दुखण्याचे नाव पडले इताई-इताई, म्हणजे ‘आई गं, आई गं’. नोबोरू हागिनो नावाच्या गावातल्याच डॉक्टरने खाणीकडे बोट दाखवले, तेव्हा त्यांना कुणी मानायला तयार नव्हते. १९६८ मध्ये जपान सरकारने हा प्रदूषणाचा रोग असल्याचे मान्य केले आणि १९७२ मध्ये वरच्या न्यायालयातही खाण कंपनी हरली. कॅडमियम आधी मूत्रपिंडात साठते. मूत्रपिंड बिघडले की हाडाला लागणारे कॅल्शियम आणि फॉस्फेट लघवीतून वाहून जाते.

तिथे रोगी जवळजवळ सगळ्या स्त्रियाच होत्या, त्यामुळे पुरुष त्यातून सुटले असा समज रूढ झाला. तो आता टिकत नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या सत्तरीतल्या नऊशेहून अधिक पुरुषांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या लघवीत कॅडमियम सर्वात जास्त, त्यांची हाडे विरळ होती आणि पुढच्या काळात त्यांची हाडे मोडण्याचे प्रमाणही जास्त निघाले. यातली कुणी खाणकामगारांची वस्ती नव्हती. साधे शहरी म्हातारे होते.

आपल्याकडचेही एक उदाहरण आहे, आणि ते मामांच्या गावापासून लांब नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या बॅटरी बनवणाऱ्या कामगारांवर, हुपरीसारख्या गावांत चालणारे चांदीकाम करणाऱ्यांवर आणि स्प्रे पेंटिंगवाल्यांवर तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या संशोधकांनी वर्षानुवर्षे काम केले आहे. बॅटरी कामगारांबद्दलचा एक निबंध २०१३ मध्ये आला. त्यांच्या रक्तात शिसे जास्त होते, रक्तदाब चढलेला होता, रक्तातले कॅल्शियम कमी होते आणि हाडांची घनताही घटलेली होती. कामाच्या वयातली माणसे ही. त्यांना तेव्हा काही दुखत नसेल. मामांनाही दुखत नव्हते.

आता विड्या. तंबाखूचे रोप जमिनीतले कॅडमियम मोठ्या हौसेने ओढून पानात साठवते. जेवणातल्या कॅडमियमपैकी पाचेक टक्केच अंगी लागते, धुरातले त्याच्या कितीतरी पट जास्त. धूम्रपान करणाऱ्याच्या अंगात न करणाऱ्याच्या साधारण दुप्पट कॅडमियम सापडते. गलाईच्या खोलीत न बसलेला पुरुषही विडी-सिगारेटवाटे घरबसल्या ती सोय करून घेत असतो.

मी डॉक्टरला सरळच विचारले, मग मामांचे हाड शिशाने मोडले, कॅडमियमने की विडीने? तो हसला. म्हणाला, "मॅडम, तसे पावतीवर लिहून देता येत नाही. त्यांचे ड जीवनसत्त्वही ११ आहे. चाळीस वर्षे सूर्य पाहिला नाही. दूध आवडत नाही. वय आहे. सगळ्यांनी थोडेथोडे काढले." मला हे उत्तर आवडले. धातूंवर सगळे खापर फोडले की बाकीच्या गोष्टी करायच्या राहून जातात.

मामेभावाचा मात्र वेगळाच घोर. त्याच्या गॅलरीतून लांबवर बेळ्ळंदूरचे तळे दिसते. शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्यात मुरले. फेसाने भरून रस्त्यावर उडणारे आणि २०१५ पासून २०१८ पर्यंत पुन्हा पुन्हा पेटलेले हे तळे तुम्ही दूरदर्शनवर पाहिले असेल. अशा तळ्यांच्या गाळात आणि त्यांच्या पाण्यावरच्या पालेभाज्यांत शिसे, कॅडमियम आढळल्याचे अभ्यास आहेत. "मग आम्ही पालक खायचाच नाही का?" वहिनीने विचारले. खायचा. भाजी सोडली तर लोह आणि कॅल्शियम कमी पडते, आणि पोटात ते कमी असले की शरीर शिसे-कॅडमियम जास्त ओढून घेते! उलटाच धंदा. भाज्या आलटूनपालटून आणाव्यात, भरपूर पाण्यात तीन-चारदा धुवाव्यात म्हणजे धूळ-माती तरी जाते, आणि सांडपाण्यावर पिकणारी भाजी शहराच्या वेशीवर विकली जाते ती कशी, हे महापालिकेला विचारावे. घरातल्या बाईने कितीही धुतले तरी देठाच्या आतले निघत नाही.

एक गोष्ट मला लिहावीशी वाटते आणि काही वाचकांना ती रुचणार नाही. पाठदुखीवर मामा गेली तीन वर्षे कुणा ओळखीच्याने दिलेल्या पुड्या घेत होते. डबीवर नाव नाही, गाव नाही. पुरुष मंडळींत अशा पुड्यांना फार मान. सांधे, मधुमेह आणि ‘ताकद’ यांसाठी त्या गुपचूप चालतात. नागभस्म म्हणजे शिशाचेच भस्म, हे किती जणांना ठाऊक आहे? २००४ मध्ये बोस्टनच्या दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. हाडाच्या दुखण्यावर शिसे खाणे! निनावी पुडीवर विश्वास ठेवणाऱ्या सगळ्यांना मी नावे ठेवत नाही. आमच्याच घरात ती डबी देवघराच्या फळीवर होती.

तेव्हा तुमच्या घरात कुणी पन्नाशी ओलांडलेला पुरुष असेल तर आधी त्याला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा करा आणि पेन्सिलीने खूण करा. दर वाढदिवसाला पुन्हा. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरने, म्हणजे दीड इंचाने घटली असेल तर पाठीच्या मणक्यांची तपासणी करून घ्यायला हवी. पाठ दुखो वा न दुखो. डेक्सा चाचणी झोपून काही मिनिटांत होते, सुई नाही, वेदना नाही. सत्तरीनंतर प्रत्येक पुरुषाची, आणि विडी-सिगारेट, दारू, दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा धातूंचे काम यांपैकी काही असेल तर पन्नाशीनंतरच ती करावी की काय, हे डॉक्टरांना विचारा. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी धंदा सांगा. निवृत्त असे सांगून थांबू नका, कशातून निवृत्त ते सांगा. बॅटरी, रंग, वेल्डिंग, छापखान्यातले खिळे, सोनेचांदी, भंगार.

शरीरातले शिसे ‘धुऊन काढणाऱ्या’ सलाईनच्या जाहिराती हल्ली दिसतात. ती औषधे तीव्र विषबाधेसाठी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यायची असतात. हाडात मुरलेले जुने शिसे त्याने खरवडून निघत नाही, आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. त्यापेक्षा हाड धरून ठेवणे बरे. हाड झिजले नाही तर पेवही उघडत नाही. त्यासाठी चालणे, ऊन, ड जीवनसत्त्व आणि रोजचे हजार मिलिग्रॅम कॅल्शियम. शंभर ग्रॅम नाचणीत त्यातले साडेतीनशेच्या आसपास मिळते, आणि बंगळूरला तर नाचणी दारात आहे.

मामांना रोज दुपारी नाचणीचा मुद्दा मिळतो. "चाळीस वर्षं ह्या गावात काढली आणि हे गिळायची वेळ आता आली," म्हणतात, पण गिळतात. विडी सुटली आहे, पुड्यांची डबी गेली आहे. आठवड्यातून एकदा औषधाची गोळी घेतात आणि वॉकर घेऊन सकाळी गच्चीवर उन्हात चालतात.

नगरथपेठेतले दुकान आता त्यांचा पुतण्या चालवतो. मी निघाले त्या दिवशी मामांनी त्याला फोन लावला. गावाकडची ख्यालीखुशाली झाली, चांदीचा भाव झाला. मग म्हणाले, "आरं, त्या भट्टीवर धुराडं बसीव. वर छपरातनं भाईर काढ. आणि पोरांना म्हणावं, हात धुतल्याबिगर डबा उघडायचा न्हाई, आणि ती कापडं घरी न्यायची न्हाईत, बारकी पोरं हायत घरात." पलीकडून तो काहीतरी बोलला. मामा ऐकत राहिले. मग आवाज चढवून म्हणाले, "उडू दे की कण! किती उडंल? मी पैसं दितो."